कोकण किनारा आणि साउंडिंगवरून अस्थिरतेचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयातले विद्यार्थी, शाळांचे विज्ञान शिक्षक, आंबा बागायतदार आणि बंदरावर बोटींचा हिशेब सांभाळणारी तरुण मंडळी यांच्याकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे पुढे. एका उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साउंडिंग म्हणजे नेमकं काय? त्यातून अस्थिरता कशी कळते?

हवामान खात्याच्या ठरावीक केंद्रांवरून फुगा सोडतात. त्याला रेडिओसोंड नावाचं छोटं यंत्र बांधलेलं असतं. फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर वेगाने चढतो आणि यंत्र वाटेतला दाब, तापमान, आर्द्रता नि वारा खाली कळवत राहतं. सगळं सुरळीत झालं तर फुगा ३० किलोमीटरच्या आसपास जाऊन फुटतो. या नोंदींचा तक्ता म्हणजे साउंडिंग.

आता गणित असं: जमिनीजवळची थोडी हवा वर उचलली तर ती भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहील की गार पडेल? कोरडी असताना ती दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. संपृक्त झाली की बाष्पाचं पाणी होताना सुप्त उष्णता सुटते आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. कोकणातल्या दमट हवेत तळाशी तो किलोमीटरला ४ अंशांच्या जवळ येतो. उचललेली हवा भोवतालपेक्षा उबदार राहिली तर ती आपोआप वर जाते, आणि हीच अस्थिरता. उचललेल्या हवेच्या या कल्पित पुंजक्याला पुढे सगळीकडे पार्सल म्हटलं आहे.

२. कोकणासाठी डेटा कुठून घ्यायचा? फुकट मिळतो का?

मिळतो. आपल्या कामाची दोन केंद्रं आहेत: उत्तरेला मुंबईचं सांताक्रूझ, क्रमांक ४३००३, आणि दक्षिणेला पणजी, क्रमांक ४३१९२. वायोमिंग विद्यापीठाच्या संग्रहात दोन्हींची साउंडिंगं तक्त्याच्या रूपात मिळतात. अनेक वर्षांचा एकसलग डेटा हवा असेल तर अमेरिकेच्या नोआ संस्थेचा इग्रा संग्रह बरा, कारण तिथे नोंदींची तपासणी झालेली असते. मधल्या रत्नागिरी-देवगड पट्ट्याचं काय, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

३. ०० आणि १२ यूटीसी म्हणजे आपल्याकडे किती वाजता?

यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे ५:३० आणि संध्याकाळचे ५:३० वाजलेले असतात. फुगा प्रत्यक्षात त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सुटतो. घोळ होतो तो रात्रीच्या वादळांत. २१ मेच्या मध्यरात्रीनंतर २ वाजता गडगडाट झाला तर यूटीसीत तेव्हा २० मेचे २०:३० वाजलेले असतात. म्हणजे त्याआधीचं साउंडिंग २० मेच्या १२ यूटीसीचं. तारखेवरून जुळवणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा फरक लक्षात घेतला नाही तर वादळानंतरचं साउंडिंग वादळापूर्वीचं म्हणून तपासलं जातं. आधी सगळ्या वेळा यूटीसीत आणाव्यात आणि भारतीय वेळ फक्त छापताना दाखवावी.

४. केप आणि सिन म्हणजे काय? किती केप जास्त समजायचं?

पार्सल ज्या उंचीवर संपृक्त होतं ती एलसीएल. जिथून ते भोवतालपेक्षा उबदार होऊन स्वतःच्या बळावर चढू लागतं ती एलएफसी, आणि जिथे दोघांचं तापमान पुन्हा सारखं होतं ती ईएल. एलएफसी ते ईएल या टप्प्यात पार्सलला मिळणारी ऊर्जा म्हणजे केप. एलएफसीपर्यंत पोचायला जी ऊर्जा बाहेरून द्यावी लागते ती सिन. दोन्ही ज्यूल प्रति किलोग्रॅममध्ये मोजतात.

पाठ्यपुस्तकांत १००० च्या खाली क्षीण, १००० ते २५०० मध्यम आणि त्यापुढे तीव्र अशी वर्गवारी असते. ती मुख्यतः अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या वादळांवरून आली आहे. कोकणात मे महिन्यात २५०० ओलांडणं काही विशेष नाही, आणि तेवढ्याने वीज कडाडेलच असंही नाही (प्रश्न १३). आकडा आपल्याच केंद्राच्या, त्याच महिन्याच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहावा.

केपच्या दुपटीचं वर्गमूळ काढलं की वर जाणाऱ्या प्रवाहाचा कमाल वेग मिळतो. २००० केपला तो सेकंदाला ६३ मीटर येतो. हा कागदावरचा वेग आहे. आजूबाजूची कोरडी हवा मिसळणं आणि ढगातल्या पाण्याचं वजन यांमुळे प्रत्यक्षातला वेग याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच जातो.

५. पायथॉनमध्ये सुरुवात कशी करू?

युनिडेटाची मेटपाय ही लायब्ररी घ्या. डेटा ओढून आणायला त्यांचीच सायफन आहे. संग्रहाच्या साइटची रचना बदलली की सायफन मध्येच अडतं. तेव्हा तक्ता फाइलमध्ये उतरवून पँडाजने वाचला तरी काम भागतं.

क्रम असा ठेवा. दाब, तापमान आणि दवबिंदू हे तीन रकाने घ्या. यांपैकी एक जरी रिकामा असेल तरी ती ओळ गाळा. एकच दाब दोनदा आला असेल तर एक ओळ काढा. दाब वरून खाली उतरत्या क्रमाने आहे ना, ते बघा. मग प्रत्येक रकान्याला एकक जोडा: दाबाला हेक्टापास्कल, तापमानांना सेल्सिअस. ही पायरी नवशिक्यांना कटकटीची वाटते, पण मेटपायचा सगळा भरवसा तिच्यावर आहे. सेल्सिअसचं शून्य हे खरं शून्य नव्हे, म्हणून त्याला गुणाकाराने एकक जोडताना गोंधळ होऊ शकतो. तिथे ‘क्वांटिटी’ हा मार्ग वापरा. वाऱ्याचा रकाना नॉटमध्ये असेल तर १ नॉट म्हणजे सेकंदाला ०.५१४ मीटर.

त्यानंतर ‘सर्फेस बेस्ड केप सिन’, ‘मिक्स्ड लेयर केप सिन’ आणि ‘मोस्ट अनस्टेबल केप सिन’ ही तिन्ही फंक्शनं चालवा आणि तिन्ही उत्तरं शेजारीशेजारी छापा. एकच छापू नका. का, ते पुढच्या उत्तरात. आकड्यांवर विसंबण्याआधी ‘स्क्यू-टी’ आलेख (दाबानुसार तापमान नि दवबिंदू दाखवणारा) काढून डोळ्यांनी बघा. चुकीची नोंद असेल तर रेषेत काटा दिसतो, आकड्यात तो लपून राहतो.

६. तीन फंक्शनं, तीन उत्तरं. कोकणासाठी कोणतं पार्सल खरं मानायचं?

सर्वांत जास्त गल्लत इथेच होते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

केपचा आकडा पार्सलच्या सुरुवातीच्या बाष्पावर कमालीचा अवलंबून असतो. बोल्टन यांच्या १९८० च्या सूत्राने २५ अंश दवबिंदूला संपृक्त बाष्पदाब ३१.७ हेक्टापास्कल येतो. हवेचा दाब १००५ धरला तर दर किलो कोरड्या हवेमागे २०.२ ग्रॅम बाष्प. दवबिंदू २४ केला की हेच १९.० ग्रॅम. फरक १.२ ग्रॅमचा, पण त्यातून सुटणारी सुप्त उष्णता पार्सलचं तापमान सुमारे ३ अंशांनी वाढवायला पुरते. दवबिंदूतल्या एका अंशाच्या चुकीने केप शेकडोंनी इकडेतिकडे होतं ते यामुळे.

आता किनाऱ्यावर काय घडतं ते बघा. सकाळी उशिरा खारे वारे सुरू होतात. समुद्रावरून आलेली दमट हवा जमिनीलगत काहीशे मीटरांच्या थरात साचते, तिच्यावर लगेच कोरडी हवा असते. संध्याकाळी ५:३० चं सांताक्रूझचं साउंडिंग याच थरातून वर निघतं. अशा वेळी पृष्ठभागाचं पार्सल घेतलं तर जणू ही दमट हवा हवी तेवढी उपलब्ध आहे असं गृहीत धरल्यासारखं होतं, आणि केप फुगतं. पहाटे उलटा प्रकार. मतलई वारे जमिनीकडून वाहत असतात, तळाशी गार थर असतो, आणि पृष्ठभागाचं पार्सल गरजेपेक्षा दुबळं निघतं.

मेटपायचं मिश्र थराचं फंक्शन तळाच्या १०० हेक्टापास्कलची, म्हणजे साधारण ९०० मीटरची, सरासरी घेतं. दुपारी हवा खरोखर जेवढी घुसळली जाते त्याच्या हे जवळ जातं. सर्वाधिक अस्थिर पार्सल तळाच्या ३०० हेक्टापास्कलमधून सर्वांत उष्ण-दमट थर शोधतं. रात्रीच्या वादळांत, जमिनीलगतचा गार थर बाजूला ठेवून वरच्या थरातून ढग उठतात तेव्हा ते उपयोगी पडतं.

माझं मत विचाराल तर मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरात मिश्र थराचं केप आधी बघावं. पृष्ठभागाचं त्याच्या दीडपट-दुप्पट येत असेल तर तळाचा दमट थर उथळ आहे, एवढं त्यातून समजतं. ही माहितीही मोलाची आहे.

७. माझा आकडा वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळत नाही. चूक कुठे आहे?

बहुधा चूक नसते, व्याख्या वेगळ्या असतात. वायोमिंगचा तक्ता तळाच्या ५०० मीटरची सरासरी घेऊन पार्सल बनवतो, मेटपाय १०० हेक्टापास्कलची. मेटपायच्या फंक्शनला खोली बदलून दिली की दोन्ही आकडे जवळ येतात.

दुसरं कारण आभासी तापमान. बाष्प कोरड्या हवेपेक्षा हलकं असतं, म्हणून दमट हवा तिच्या तापमानापेक्षा उष्ण असल्यासारखी वागते. ३० अंश तापमान आणि २०.२ ग्रॅम बाष्पाला ही वाढ ३.७ अंशांची होते. थंड कोरड्या देशात ही दुरुस्ती सोडली तरी चालून जातं. इथे सोडली तर केप नि सिन दोन्ही बदलतात. वायोमिंग दोन्ही प्रकारचं केप वेगवेगळं छापतं. मेटपायच्या जुन्या आवृत्त्या ही दुरुस्ती करत नव्हत्या, नव्या करतात. मित्राच्या नि तुमच्या संगणकावर एकाच साउंडिंगचं उत्तर वेगळं येत असेल तर आधी आवृत्ती विचारा.

८. उत्तर बरोबर आहे की नाही, हे हाताने कसं पडताळू?

सूत्र छोटं आहे:

केप = २८७ × बेरीज [ (पार्सलचं आभासी तापमान − भोवतालचं आभासी तापमान) × नैसर्गिक लॉग (खालचा दाब ÷ वरचा दाब) ]

समजा ५०० ते ४०० हेक्टापास्कलच्या थरात पार्सल सरासरी ४ अंशांनी उबदार आहे. ५०० ÷ ४०० म्हणजे १.२५, त्याचा लॉग ०.२२३. मग २८७ × ४ × ०.२२३ = २५६ ज्यूल. आता ३०० ते २०० चा थर घ्या. फरक तोच ४ अंशांचा. १.५ चा लॉग ०.४०५, उत्तर ४६५ ज्यूल. दोन्ही थर १०० हेक्टापास्कलचेच, पण वरचा जवळजवळ दुप्पट भरतो. असे सहा-सात थर कागदावर मांडून केलेली बेरीज प्रोग्रॅमच्या आकड्याच्या आसपास यायला हवी. दुपटीचा फरक पडला तर एककं किंवा पार्सल तपासा. विद्यार्थ्यांनी एकदा तरी हे करावंच, त्यानंतर स्क्यू-टी आलेखावर केप दाखवणारं रंगवलेलं क्षेत्र खऱ्या अर्थाने वाचता येतं.

९. पायथॉन येत नाही. एक्सेलमध्ये जमेल का?

के इंडेक्स, टोटल टोटल्स (गडगडाटाची शक्यता सांगणारे दोन सोपे आकडे, प्रश्न १५) आणि एलसीएल सहज जमतात. एलसीएलसाठी तापमानातून दवबिंदू वजा करून १२५ ने गुणा, मीटरमध्ये उंची येते. केपसाठी मात्र संपृक्त पार्सलचं तापमान पायरीपायरीने काढत न्यावं लागतं, म्हणजे दर ५-१० हेक्टापास्कलला एक ओळ. होतं, पण वेळखाऊ आहे आणि एका चुकीच्या सेलने खालचं सगळं बिघडतं. थोडं पायथॉन शिकायला त्याहून कमी वेळ लागेल.

१०. पहाटेच्या साउंडिंगवरून दुपारचा अंदाज कसा बांधू?

तळ बदलून. उदाहरणाचे आकडे घेऊ. पहाटे तापमान २६, दवबिंदू २४. एलसीएल फक्त २५० मीटरवर, पण त्यावर उबदार कोरडा थर असल्यामुळे सिन मोठं. दुपारी त्या गावात ३३ पर्यंत पारा जाईल आणि दवबिंदू २५ राहील असा अंदाज आहे. मग साउंडिंगच्या पहिल्या ओळीत ३३ आणि २५ घाला. तिथून किलोमीटरला ९.८ अंशांची रेषा वर ओढा आणि ती मूळ तापमानाच्या रेषेला जिथे छेदते तिथपर्यंतच्या सर्व ओळी नव्याने भरा. या थरात बाष्पाचं प्रमाण सारखं ठेवा. नवी एलसीएल १००० मीटर येईल, सिन घटेल, केप वाढेल.

इथे एक पथ्य पाळावं लागतं. खारे वारे पोचले की किनाऱ्यावर पारा चढायचा थांबतो, पण चिपळूण, कर्जत, भिरा अशा आतल्या गावांत तो बराच वर जातो. म्हणून एका साउंडिंगवरून किनाऱ्याची एक आणि आतली एक अशा दोन आवृत्त्या करा. पहिलीत दवबिंदू जास्त, तापमान कमी, दुसरीत उलट. वळवाचा पाऊस आधी घाटाच्या पायथ्याशी का सुरू होतो ते या दोन आलेखांत स्पष्ट दिसतं.

११. केप शून्य आणि सिनही शून्य आलं. म्हणजे पार्सलला वर जाताना अडवणारं झाकणच नाही?

नाही, असा अर्थ काढू नका. पार्सलला एलएफसी सापडलीच नाही तर मेटपाय दोन्ही शून्य परत करतं. मार्चमधल्या कोरड्या सकाळी हे नेहमी घडतं. प्रत्यक्षात तिथे पार्सलला वर जायला पक्का विरोध असतो, फक्त सिनची व्याख्याच लागू होत नाही. प्रोग्रॅममध्ये आधी एलएफसी काढा. ती रिकामी असेल तर सिनच्या जागी शून्याऐवजी रिकामी नोंद ठेवा. महिन्याची सरासरी काढताना ही शून्यं मिसळली तर मार्चमधलं झाकण मेपेक्षा पातळ दिसायला लागतं.

आणि सिन मेटपायमध्ये ऋण चिन्हाने येतं. −१५० हे −२० पेक्षा मोठं झाकण आहे.

१२. फुगा अर्ध्यावरच फुटला, किंवा मधल्या ओळी नाहीत. तरी केप काढू का?

साउंडिंग कुठे संपलं ते आधी बघा. कोकणातल्या मोठ्या ढगांची ईएल १५०-१०० हेक्टापास्कलपर्यंत जाते. नोंदी ३०० लाच संपल्या तर मेटपाय कुठलीही तक्रार न करता तिथपर्यंतचीच बेरीज देतं. वरच्या थरांत किती ऊर्जा असते ते प्रश्न ८ मध्ये दिसलंच आहे. अशा दिवशी केप न छापता लिफ्टेड इंडेक्स (५०० हेक्टापास्कलवर भोवताल नि पार्सल यांच्या तापमानांतला फरक) छापावा, त्याला ५०० पर्यंतच डेटा लागतो.

मधली एखादी ओळ नसेल तर फारसं बिघडत नाही. तळाच्या दोन-तीन ओळी गेल्या असतील तर मात्र ते साउंडिंग बाजूला ठेवा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. ढगातून बाहेर पडलेलं यंत्र ओलं असतं, पाणी उडताना त्याचा संवेदक थंड होतो आणि ढगाच्या माथ्यावर तापमान एकदम कोसळल्यासारखं दिसतं. किलोमीटरला ९.८ अंशांपेक्षा जास्त घट मधल्या थरात दिसली तर ती ओळ संशयित धरावी.

१३. मे महिन्यात केप ३५०० होतं, पण थेंबही पडला नाही. असं का?

केप म्हणजे साठा. तो वापरला जाईलच असं नाही. मेमध्ये दख्खनच्या पठारावर तापलेली कोरडी हवा घाट ओलांडून किनाऱ्याच्या दमट थरावर पसरते. तळाशी उकाड्याने जीव जातो आणि एक-दीड किलोमीटरवर तो कोरडा उबदार थर कोणतंही पार्सल वर जाऊ देत नाही. याच झाकणामुळे तळाचं बाष्प साचून केप वाढत राहतं. मोठं केप आणि मोठं सिन एकत्र दिसतात ते म्हणून.

ते झाकण फुटायला काहीतरी उचल लागते: खाऱ्या वाऱ्यांची आघाडी, घाटाचा उतार, जवळचा कमी दाबाचा पट्टा. सिन −५० च्या आत आलं आणि अशी उचल त्या भागात असेल तर लक्ष ठेवा. −२०० असताना केप कितीही असो, मी तरी त्या दिवशी शांत राहतो.

झाकण फुटलंच तर मधल्या कोरड्या थरामुळे खाली येणारा गार झोतही जोरदार असतो. आंबा उतरवायच्या दिवसांत फांद्या मोडतात नि फळ झडतं ते बऱ्याचदा या झोताने. त्यासाठी डीकेप (खाली येणाऱ्या झोताला मिळणारी ऊर्जा) काढा, मेटपायच्या नव्या आवृत्त्यांत त्याचं फंक्शन आहे.

१४. जुलैत केप जेमतेम ५०० असतं, तरी नद्या पात्र सोडतात. मग हे गणित कोकणात निरुपयोगी आहे का?

निरुपयोगी नाही, पण जुलैचा प्रश्नच वेगळा आहे. सर्वांत जास्त वेळा येणारा हा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.

भर पावसाळ्यात हवा तळापासून माथ्यापर्यंत दमट असते, ढगांमुळे जमीन तापत नाही आणि भोवतालचं तापमान संपृक्त पार्सलच्या रेषेला जवळजवळ चिकटून चालतं. दोघांत अंतर नाही म्हणून केप कमी. पण याच दिवसांत साधारण दीड किलोमीटर उंचीवर, ८५० हेक्टापास्कलच्या आसपास, पश्चिमेचा जोरदार वारा वाहत असतो आणि त्याच्या वाटेत सह्याद्री आडवा उभा आहे. हवा तिथे स्वतःच्या बळावर चढत नाही, वारा तिला चढवतो.

किती चढवतो, ते मोजता येतं. वारा सेकंदाला १५ मीटर. किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत ४० किलोमीटरांत १००० मीटरचा चढ धरला तर हवा सेकंदाला १५ × १००० ÷ ४०००० = ०.३७५ मीटर वेगाने वर जाते. घनता १.१ आणि दर किलोमागे १६ ग्रॅम बाष्प घ्या. १.१ × ०.३७५ × ०.०१६ = ०.००६६ किलो प्रति चौरस मीटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला सुमारे २४ मिलिमीटर पाऊस. सगळं बाष्प गाळलं जाईल असं धरल्यामुळे ही वरची मर्यादा आहे. पण या सूत्रात केप कुठेच नाही. असा वारा दिवसभर टिकला आणि वर किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा असला की नद्या फुगतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. अशा पावसाच्या आदल्या दिवसांचं साउंडिंग वाचताना नजर आधी वाऱ्याच्या रकान्यावर जायला हवी.

म्हणून जून मध्य ते सप्टेंबर या काळात साउंडिंगमधून चार गोष्टी काढा: एकूण बाष्पजल (तळापासून माथ्यापर्यंतच्या हवेतलं सगळं बाष्प), ८५० चा पश्चिमेकडून येणारा वारा, तळाच्या दीड किलोमीटरमधला बाष्पाचा प्रवाह, आणि हवा डोंगर ओलांडेल की अडेल हे सांगणारी फ्राउड संख्या. शेवटचीसाठी वाऱ्याचा वेग भागिले (स्थिरतेची वारंवारता × डोंगराची उंची). १५ ÷ (०.०१ × १०००) = १.५. एकाहून जास्त म्हणजे हवा माथा ओलांडते आणि पाऊस घाटावर जास्त. एकाच्या खाली ती पायथ्याशी अडते आणि पावसाचा जोर किनाऱ्याकडे सरकू शकतो. संपृक्त हवेत ही वारंवारता ०.०१ पेक्षा कमी भरते, म्हणून दमट गृहीतकाने वेगळं उत्तरही काढून बघा.

१५. के इंडेक्स तर जुलैत रोज ३५ च्या वर असतो. तो का चालत नाही?

नमुन्याचं पावसाळी साउंडिंग घ्या: ८५० ला तापमान १९, दवबिंदू १८, ७०० ला १० आणि ८, ५०० ला −४. के इंडेक्स = (१९ + ४) + १८ − (१० − ८) = ३९. पुस्तकाप्रमाणे गडगडाट जवळपास नक्की. पण या सूत्रात दमटपणाला फार वजन आहे आणि जुलैत कोकणात दमटपणा रोजचाच. टोटल टोटल्स याच साउंडिंगला १९ + १८ + ८ = ४५ देतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात के इंडेक्स दिवसादिवसांत फरक दाखवतो, तेव्हा जरूर वापरा.

१६. मी देवगडला आहे. सांताक्रूझ घेऊ की पणजी? की एरा-५?

मुंबई-पणजी अंतर सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. देवगड, मालवण, सावंतवाडीला पणजी. रत्नागिरीही पणजीलाच जवळ, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. हर्णै-दापोलीच्या उत्तरेला सांताक्रूझ. दोन्हींची सरासरी मात्र काढू नका, अशी हवा प्रत्यक्षात कुठेच नसते.

एरा-५ हा युरोपीय हवामान केंद्राने नोंदी आणि संगणकी प्रतिमान जुळवून बनवलेला संग्रह. तो तासातासाला आणि चौकोनाचौकोनाला प्रोफाइल देतो, १९४० पासूनचं. संध्याकाळचं साउंडिंग संग्रहात नसेल तेव्हा त्याचा मोठा आधार होतो. अडचण अशी की पाव अंशाच्या चौकोनात समुद्र, किनारा आणि घाटाचा पायथा एकत्र येतात, डोंगर बसका होतो आणि खाऱ्या वाऱ्यांचा उथळ थर पुसट होतो. कल बघायला एरा-५ आणि त्या दिवशीचा तळ बघायला फुगा, असं मी करतो.

१७. ऑक्टोबरात भात कापणीच्या वेळी संध्याकाळी अचानक वीज-पाऊस येतो. तो पकडता येईल का?

बऱ्यापैकी. परतीच्या पावसात सूर्य पुन्हा तापवतो, जमीन अजून ओली असते आणि वरचे वारे पूर्वेकडून वाहू लागतात. ढग दुपारी घाटमाथ्यावर उठतात आणि तिन्हीसांजेला खाली कोकणात उतरतात. पहाटेच्या साउंडिंगमध्ये तीन गोष्टी एकत्र शोधा: दुपारच्या तापमानाने सुधारलेलं मिश्र थराचं केप चांगलं (प्रश्न १०), सिन नगण्य, आणि ७०० ते ५०० हेक्टापास्कलमध्ये वारा पूर्वेचा. तिसरी अट मोडली, वारा पश्चिमेचा असला, तर तेच ढग देशावर जातात. हळवं भात कापून शेतात पसरलेलं असेल तर या दिवशी दुपारपर्यंत भारे उचलून घ्यावेत.

१८. २६ जुलै २००५ चा पाऊस केपवरून आधी कळला असता का?

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. दोन्ही ठिकाणं एकाच साउंडिंगच्या छायेत येतात. हवा पावसाला किती अनुकूल आहे हे एक फुगा सांगू शकतो, पण ढग नेमका कुठे उभा राहील ते सांगू शकत नाही. ते काम रडार आणि उपग्रहाचं आहे.

१९. एवढं केप असून कोकणात गारा का पडत नाहीत?

शून्य अंशाची पातळी आपल्याकडे साधारण ५ किलोमीटरवर असते. गार तयार झाली तरी एवढा उबदार दमट थर पार करताना बहुतेक वितळते.

२०. माझ्या प्रोग्रॅमचे आकडे गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर इशारा म्हणून टाकू का?

इशारा म्हणून टाकू नका. इशारा हवामान खात्याचा, विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अ‍ॅप. तांडेल तुमच्या एका ओळीवर बोट बाहेर काढायची की नाही ते ठरवू शकतो, आणि चुकीच्या पार्सलवर काढलेल्या आकड्याची किंमत त्याने का मोजावी? खात्याचा इशारा पुढे पाठवा, आणि आपला आलेख त्याचं स्पष्टीकरण म्हणून जोडायला हरकत नाही.

२१. रोजचे निकाल साठवायचे आहेत. कोणते रकाने ठेवू?

केंद्र, यूटीसी वेळ, नोंदी किती हेक्टापास्कलपर्यंत आहेत, तिन्ही पार्सलचं केप नि सिन, एलसीएल, एलएफसी, ईएल, एकूण बाष्पजल, ८५० आणि ५०० चा वारा, मेटपायची आवृत्ती, आणि तळ सुधारला असेल तर वापरलेलं तापमान नि दवबिंदू. शेजारी एक रकाना मोकळा ठेवा आणि त्यात त्या दिवशी आपल्या गावात काय झालं ते भरा: गडगडाट किती वाजता, कोणत्या दिशेने, पर्जन्यमापकात किती. मूळ तक्त्याची फाइलही जपून ठेवा. पुढे व्याख्या बदलली तर सगळे आकडे तिच्यावरून पुन्हा काढता येतील.